अष्टग्रहीतली नात

पौषाची अमावस्या तोंडावर आली होती. उधाणाचे दिवस. पाण्याला अशी ओढ लागलेली, की जाळी बोंबलांनी फुगून यावीत. आणि दांडी गावच्या साऱ्या होड्या मात्र वाळूवर कलंडून पडलेल्या. हिरा ते बघे आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. तिथी आम्ही मोजतो ती पाण्यासाठी, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. चंद्र पाणी ओढतो, हे आम्हाला कळतं. तो माणूस कधी ओढतो, हे विचारायला त्याच्याकडे कोण जातं?

पण गाव विचारायला गेलं होतं. आठ ग्रह मकरेत एका जागी येणार, जग बुडणार, असं पेपरात छापून आलं होतं म्हणे. पालघरहून एक जोशी आले. गावचा पुढारी पुंडलिक तांडेल, त्याने किनाऱ्यावर मांडव घातला. ग्रह टळेपर्यंत होड्या बंद. सकाळी होम, दिवस कलला की कीर्तन. होमाकडे हिरा फिरकलीसुद्धा नाही. कीर्तन मात्र तिने एक चुकवलं नाही. भगवंतबुवांनी चिपळ्या उचलल्या की तिला आधी रडू यायचं आणि मग आपण का रडलो म्हणून हसू यायचं. बुवा म्हणत, "ज्याच्या मुखी नाम, त्याच्या दारात शनीसुद्धा जोडे बाहेर काढून उभा राहतो!" हे वाक्य हिराने घरी येऊन सुनेला, नलूला, हातवारे करून सांगितलं होतं. दिवस भरत आलेली नलू पोट धरून हसली होती.

आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी, दुपारचं ऊन उतरता उतरता, नलू बाळंत झाली. मुलगी. रंगाने आजीवर, आवाजाने बापावर.

बाप, म्हणजे हिराचा लेक दामू, मात्र घरात आला नाही. ग्रहांच्या गर्दीत पोर जन्मलं, हे कळताच जोश्यांनी सांगून टाकलं होतं: ही बापाच्या मुळावर आहे. बापाने हिचं तोंड बघितलं तर होडी बुडेल. उद्या उजाडताच मायलेकींना गावाची शीव ओलांडून सातपाटीला माहेरी धाडा. वर्ष झालं की मग बापाने वाटीतल्या तेलात पोरीची सावली बघावी. दामूचा बाप दर्यात गेलेला, परत न आलेला. त्यामुळे दामू ते ऐकून जो पांढराफटक पडला, तो वाळूवरच्या आपल्या होडीतच जाऊन बसला. गाडीवान महादूला सांगूनही मोकळा झाला.

"दामू, येक दिवसाची पोर आन् ओली बाळंतीन," हिरा होडीपाशी जाऊन म्हणाली, "बैलगाडीत घालून धाडतोस? खाडीपरत पोचायची तरी काय ती?"

"आये, मी काय करू? बाबा गेला तवा कोनी सांगितला नवता. आता सांगतात तर आयकायचा नाय?"

"ज्यानं सांगितला त्यानं तुजी पोर वाडवली काय?"

दामूने मान फिरवली. हिराला वाटलं, आता एकच माणूस याला समजावील. ती तडक पुंडलिकच्या घरी गेली; बुवा तिथेच उतरले होते. सोयर लागलेलं, म्हणून अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. बुवा ओसरीवर पडवळासारखे लांब पाय सोडून चहा पीत होते.

"बुवा, माज्या लेकाला येक शबद सांगा. शनी जोडे काडून उबा रातो, त्येच सांगा."

बुवांनी बशी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. आवाज उतरवून म्हणाले, "बाई, ते कीर्तनातलं. लोकांच्या मनाला उभारी यावी म्हणून बोलायचं असतं. जोशीबुवा आणि मी एकाच मांडवात. त्यांच्या शब्दाआड मी कसा येऊ? वर्षाचाच तर प्रश्न आहे."

"म्हंजे जोडे कोनी काडायचे? शनीनं, का तुमी?"

बुवांनी बशी पुन्हा उचलली. हिरा घरी आली ती पाय आपटत. जोश्याचा राग आला होता, लेकाचा आला होता. पण हा राग निराळाच होता. ज्या तोंडाने तिला देव गोड लागला होता, ते तोंड असं निघावं! तिने पोरीला पदराखाली घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

संध्याकाळी झांज वाजली. हिरा गेली. मांडवात पाय न ठेवता बाहेर दामूच्या होडीला टेकून उभी राहिली. होडीत दामू गुडघ्यात डोकं घालून बसलेला. बुवांनी आज लावला होता कृष्णजन्म. काळी अष्टमी, बंदिखाना, बाहेर तुफान. वसुदेवाने पाटी डोक्यावर घेतली, पाणी गळ्याला लागलं... बुवांनी असा सूर लावला की बायका डोळे पुसू लागल्या. हिराच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती ओरडली:

"बुवा! वसुदेवानं पोराचा तोंड तेलात बघितलावता काय?"

झांज थांबली. पुंडलिक उठून उभा राहिला. "हिरा, सोयरातली तू, गप घरी जा!"

"सोयरातली हाय म्हनून तर भायेर उबी हाय. मांडवाला शिवले नाय. मी बुवांना इचारते. पोराचा भविष्य आयकून पोरावर उठला तो कोन? सांगा ना! कंस! त्याला बी आदी कोनी सांगितलावता, ह्ये पोर तुज्या मुळावर हाय म्हनून. आन् आज आमचा अख्खा गाव तेच आयकून येक दिवसाच्या पोरीला शिवंभायेर काडतो. कृष्णाची आरती करता, आन् वागता त्या मेल्यावानी!"

"पन ती वानी खरी झाली ना?" मांडवातून कोणीतरी टोचलं. "कंस मेलाच की!"

काहीजण हसले.

"मेला! पन पोराच्या ग्रहानं नाय मेला. सहा पोरांवर हात टाकला, त्या पापानं मेला. आन् ती देवाची वानी व्हती. तुमच्या जोशाला देवानं कदी मुनीम ठेवला?"

जोशी पंचांग मिटून ताडकन उठले. "ही शास्त्राची निंदा आहे!"

हिराने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती बुवांकडे बघत होती. बुवांचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, बोलतील. मग त्यांनी झांजवाल्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "चाल धरा." गोकुळात पाळणा हलू लागला. सूर तसाच गोड होता, आणि हिराला तो गोड लागला म्हणून तिला स्वतःचाही राग आला. ती वळून चालू लागली.

उजाडताना महादूची गाडी दारात आली. मागोमाग दामू. डोळे सुजलेले, हातात तेलाची वाटी.

"आये, मी जोशांना सांगितला, वरीस नाय थांबायचा मी. ते म्हनाले, मग आताच तेलात बग, पन सरळ तोंडाकडं बगू नको. तोंड बगतो, मग... मग जाऊ दे त्यांना."

नलू भिंतीला टेकून बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. "बगायचा तर बगा. तेलात बगून धाडनार, तर मी नाय जात. गाडीत मला बांधून न्यावा लागंल."

हिराने दामूच्या हातातली वाटी घेतली. बोटं तेलात बुडवली आणि पोरीच्या टाळूवर चोळली. मग पुन्हा, मग कपाळाला, मग इवल्या छातीला. वाटी पुसून निघाली. दामू बघतच राहिला. काय चाललंय हे कळेपर्यंत पोर त्याच्या ओंजळीत होती, आणि तेलाने चमकणारं तोंड वासून त्याच्यावरच ओरडत होती.

त्याने डोळे मिटले नाहीत. मिटायचे राहून गेले.

"आये," तो कसाबसा म्हणाला, "हिचा नाक बाबाचा हाय."

"मग? तुला काय वाटला, शनीचा असंल?" हिरा खेकसली. राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात उतरणारही नव्हता.

दारातून महादूने विचारलं, "बैल सोडू काय मग?"

"सोड. बैलांना पानी दाव." ती बाहेर आली. वाळूवरच्या होड्यांकडे तिने हात केला. "आन् दामू, पोर दे नलूकडं. भरती लागली. तुजी होडी ढकलायला कोन येतो, बगू."

कोणी आलं नाही. हिराने पदर खोचला आणि एका बाजूने खांदा लावला. दुसऱ्या बाजूने, जरा वेळाने, महादूने.