रांगेतला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. अहमदपूरच्या एका वकिलांनी मला हौसेने विकत घेतले, काचेच्या कपाटात ठेवले, पाहुण्यांना दाखवले. उघडले मात्र क्वचितच. ते वारल्यावर मी रद्दीत गेलो. माझ्या पानांचे पुडे व्हायचे, एवढ्यात मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, केरबा हमालाने मला उचलले. "पोरीला कामाला येईल," तो म्हणाला.

त्याची पोर चांगुणा नववीत होती. तिने माझे पान न् पान उलटले. माझे कोपरे दुमडले, पण मला बरे वाटले.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळही पडला होता. मोंढ्यात माल येईना. केरबा बायकोसह खडी फोडायला जाऊ लागला आणि पाणी भरणे चांगुणावर आले. आईने बजावले होते, "पाणी चुकलं की शाळा बंद."

टँकरच्या रांगेचा एक नियम होता. ठेवलेली वस्तू, दगड असो की चप्पल, म्हणजे माणूस. ती कोणी हलवायची नाही. इंग्रजीच्या पेपराच्या सकाळी चांगुणाने रांगेत मलाच ठेवायचे ठरवले. घागर चोरीला जायची आणि दगड सगळे सारखेच दिसायचे.

जाण्याआधी ती माझे एक पान घोकत बसली. मागे केवळाबाई होत्या, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या.

"काय वाचून राहिलीस गं?"

"थ्रॅश. म्हंजे झोडपणे, केवळामाय."

"ते तर मला इंग्रजी न शिकताच येतंय!"

रांग हसली. चांगुणा वाचतच राहिली. थ्रॅश म्हणजे काठीने किंवा चाबकाने बडवणे. खेळात समोरच्याचा धुव्वा उडवणे, हाही त्याचा वापर. पुढे 'आउट' लावले, तर एखादा प्रश्न चर्चा करून निकाली काढणे. मूळ मात्र खळ्यातले: कणसे झोडपून दाणे काढणे.

"म्हंजे आधी कणसं झोडपली, मग माणसं," चांगुणा म्हणाली.

"औंदा खळंच न्हाई," केवळाबाई म्हणाल्या, "म्हणून लोकं एकमेकाला झोडपून राहिलेत."

मला रांगेत आणि घागर शाळेच्या व्हरांड्यात ठेवून चांगुणा पेपराला बसली. पेपर संपायच्या आत टँकर आला. रेटारेटी सुरू झाली. केवळाबाईंच्या मुलाने, व्यंकटने, मला उचलून धुळीत फेकले.

"पुस्तक काय पाणी पितंय?"

चांगुणाच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या नरसिंगने मला उचलून पुन्हा जागेवर ठेवले. "नंबर हाय तिचा."

व्यंकटने काठी उगारली. मी 'थ्रॅश' हा शब्द अर्थासह किती वर्षे पोटात बाळगला होता! पण काठी वर गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते माझ्या कोणत्याच पानावर नव्हते.

केवळाबाई माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. "हाण. आधी मला झोडप."

"आई, ऊठ तिथून!"

"न्हाई उठत. आज हिचं पुस्तक फेकलं, उद्या माझी चप्पल फेकतील. मग रांग कशाला म्हणायची? नरसिंग, जा, पोरीची घागर घेऊन ये."

व्यंकटने काठी खाली घेतली. तो पाठ फिरवून उभा राहिला.

नंबर आल्यावर केवळाबाईंनी ती घागर स्वतःच पाइपाखाली धरली. वस्तीतल्या घागरीला त्या घरचा हात आजवर लागला नव्हता.

चांगुणा धावत आली आणि थबकली. "केवळामाय, तुमी?"

"बघत काय राहिलीस? उचल. परवा कशाचा पेपर?"

"गणिताचा."

"मंग हे पुस्तक परवाबी आणून ठेव."

मित्रांनो, मला कपाटात ठेवून जपू नका. उघडा, कोपरे दुमडले तर सरळ करा, भिजलो तर उन्हात वाळवा. मारझोडीचे सगळे शब्द मी सांभाळून ठेवले आहेत. ते खुशाल वाचा. हातात मात्र घेऊ नका.