माझं नाव मोठ्यानं घेऊ नका

मी फणस बोलतोय, मांडवगण फराट्याचा. दचकलात ना? या ऊस-ज्वारीच्या मुलखात फणस कुठून आला, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. मी आलो नाही, मला आणलं. स्नेहल महाडहून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा माहेरच्या परसातल्या फणसाची एक आठळी तिनं रुमालात बांधून आणली होती. म्हणजे मीही तिच्याबरोबरच इथं नांदायला आलो. साल चौऱ्याण्णव.

न्हाणीचं पाणी जातं तिथं तिनं मला लावलं. पहिल्या उन्हाळ्यात मी होरपळायला लागलो, तर स्वतःच्या जुन्या साडीची सावली केली. सासूबाई, दगडाबाई, म्हणायच्या, "अगं, तुझ्या झाडाचे लाड बघून माझी म्हस रुसलीया!" मला तर फार आवडायचं ते.

फक्त फळ धरेना. आठ वर्षं झाली. अंगावर बारकी बोंडं यायची आन् काळी पडून गळायची. सासरे भिमाजी, म्हणजे आबा, मान वर करून फांद्यांची टोकं न्याहाळायचे. मी आंब्यासारखा टोकाला लागणार, असंच त्यांना वाटायचं. बुंध्याकडे बघतंय कोण! तिथं त्यांनी चांगल्या छातीइतक्या उंच कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या.

मग पोरांना अभ्यासाला खोली बांधायचं ठरलं आणि जागा नेमकी माझीच निघाली.

"सत्यजीत, तुझ्या सासऱ्यास्नी इचार," आबा म्हणाले. "फणसाच्या मुलखातला माणूस हाय. त्ये म्हणतील तसं करू."

स्नेहलचा नवरा सत्यजीत कारेगावला कंपनीत कामाला. शिफ्ट सुटल्यावर त्यानं कॉइन बॉक्सवरून महाडला फोन लावला. "मामा, आमच्या फणसाचं काय करायचं?"

"अरे, तो कापा..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

घरी येऊन त्यानं खाली मान घालून सांगितलं, "मामा म्हणले, कापा." आबांनाही वाईट वाटलं. पण व्याह्यांचा शब्द! स्नेहलला सांगायची दोघांचीही छाती होईना. ती सासूबरोबर दौंडला एका लग्नाला जाणार होती. तेवढ्यात उरकून टाकायचं ठरलं.

त्या सकाळी कुऱ्हाड आली. खरं सांगतो, मला मरायचं नव्हतं. पहिल्यांदाच मी पोटाशी काहीतरी धरलं होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. जेवढा होता तेवढा वास मी सोडत होतो. चार दिवस आबा नाक फेंदारून विचारत होते, "सत्या, कसलं सेंट मारतूस रं?"

आबांनी कुऱ्हाड उचलली आणि नेमकी यष्टी चुकल्यामुळं सासू-सुना दारात परत आल्या.

"आबा! हे काय?" स्नेहल पिशवी टाकून धावली.

"पोरी, तुझं बाबाच म्हणलं. कापा."

ती मटकन खाली बसून हसायलाच लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. "अहो आबा, कापा ही फणसाची जात! कडक गऱ्याचा तो कापा, लिबलिबीत तो बरका!"

"आसंल," आबा ओशाळून म्हणाले, "पर फळ कुठंय?"

तिनं नाक वर करून वास घेतला. मग कडब्याच्या पेंढ्या ओढायला लागली. पाचवी पेंढी निघाली आणि बुंध्याला चिकटलेला माझा पहिला फणस उजेडात आला. दगडाबाईंनी त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

स्नेहलनं हाताला तेल लावून गरे काढले. आबा म्हणाले, तेलबिल कशाला? मग चिकानं मिशा ओठांना चिकटल्या आणि दोन दिवस आबांना धड बोलता येईना. घरात तेवढीच शांतता.

खोली परसाच्या दुसऱ्या टोकाला झाली. आता दर उन्हाळ्यात मी बुंध्यापासून लगडतो आणि गल्लीभर गरे वाटले जातात. तुम्हीही या. तेल लावा आणि पोटभर खा. एवढंच करा, माझी जात आबांना विचारू नका. परवाच एका पाहुण्यानं विचारलं, "आबा, कापा का बरका?" आबांनी आधी कोपऱ्यातली कुऱ्हाड पायानं कॉटखाली सारली.

"बरका न्हाई," ते म्हणाले, "येवढंच सांगतो."