फोटो की माणूस

कॅमेऱ्यासमोर खरा माणूस बसलाय की कुणी त्याचा फोटो धरलाय, हे ओळखणारं सॉफ्टवेअर सुनेच्या कंपनीत बनत होतं. माणूस पापणी लववतो, फोटो लववत नाही. सगळा धंदा एवढ्यावर उभा होता. घरबसल्या बँकेत खातं उघडणाऱ्यांचे व्हिडिओ यंत्र तपासायचं, आणि जिथं त्याचं घोडं अडायचं तिथं सून बघायची. पापणी अर्धी लवली, पूर्ण लवली, की नुसती नजर खाली गेली, असे शेरे मारण्यात तिचा दिवस जायचा. डोळ्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

यंत्राला शहाणं करायचं तर त्याला चकवणारे चेहरे लागतात. गेल्या वर्षी साहेबांनी सगळ्यांना घरून व्हिडिओ आणायला सांगितले, तेव्हा तिनं सासूबाईंना खुर्चीत बसवून फोनवर एक व्हिडिओ काढला. यंत्रानं तो बघितला आणि निकाल दिला: फोटो. अख्खं ऑफिस पोट धरधरून हसलं. कुणीतरी त्या व्हिडिओला ‘पुतळा’ नाव ठेवलं. तेव्हापासून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पाठवायची झाली, की ती आधी पुतळ्यावर चालवून बघायची पद्धतच पडली. ‘‘पुतळा जिवंत झाला का?’’ असं साहेब येताजाता विचारायचे.

व्हिडिओतल्या बाई शेजारच्या आहेत, असं सुनेनं ऑफिसात सांगून ठेवलं होतं. सासूचं चारचौघांत हसं करू नये एवढी लाज तिला होती. स्वतः हसताना मात्र ती लाज कुठं गेली होती कोण जाणे.

खरं सांगायचं तर तिला त्यात थोडी मजाही वाटायची. घरात सासूबाईंची नजर तिच्या पाठीला चिकटलेली असायची. बोलणं नाही, हसणं नाही, नुसतं बघणं. ‘‘तुझी आई माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघते,’’ असं तिनं नवऱ्याला कितीदा तरी ऐकवलं होतं. ‘‘अगं, तिचा चेहराच तसा झालाय आता,’’ असं म्हणून तो अंघोळीला निघून जायचा. यंत्रानं पुतळा ठरवल्यावर तर तिच्या म्हणण्याला पुरावाच मिळाला होता.

मग एका इस्पितळाला हे सॉफ्टवेअर हवंसं झालं. रुग्णांच्या पापण्या किती वेळा लवतात, किती वेळ मिटलेल्या राहतात, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांच्या डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या. साहेबांनी हौसेनं पहिल्यांदा पुतळाच लावला. आवाज बंद होता. सगळे हसायच्या तयारीत. बाई मात्र खुर्ची पुढं ओढून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुन्हा लावा.’’

दुसऱ्यांदा बघून त्या म्हणाल्या, ‘‘नुसत्या व्हिडिओवरून मी निदान करणार नाही. पण पापण्या फार कमी लवतायत, चेहरा जवळजवळ हलतच नाहीये. ही कंपवाताची सुरुवात असू शकते. यांना उपचार चालू आहेत ना?’’

‘‘पण हात तर थरथरत नाहीत,’’ सून बोलून गेली.

‘‘सगळ्यांचे थरथरतातच असं नाही. कोण आहेत या?’’

साहेबांनी सुनेकडे बघितलं. ‘‘तुझ्या शेजारच्या ना गं?’’

‘‘त्या... त्या आता तिथं राहत नाहीत,’’ ती म्हणाली. आपल्या तोंडून हे निघालं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तळपायापासून कानापर्यंत तिला शरम वाटली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती सासूबाईंकडे नीट बघायला लागली. ब्लाउजच्या हुकाशी त्यांची चाललेली झटापट. चालताना शरीराला चिकटून राहिलेला उजवा हात. आवाज इतका बारीक, की नातवाला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. हे सगळं ती रोज बघत होती आणि त्याला ‘नखरे’ म्हणत होती.

‘‘आईंना डॉक्टरांना दाखवू या,’’ ती नवऱ्याला म्हणाली.

‘‘आज सूर्य कुठून उगवला? तुला बरा आईचा पुळका आला!’’ नवऱ्यानं चेष्टा केली. एरवी ती भांडली असती.

डॉक्टर तिनं मुद्दाम दुसऱ्या इस्पितळातले शोधले. त्यांनी सासूबाईंना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, कपाळावर बोटानं टकटक केलं. शेवटी समोर बसवून विचारलं, ‘‘हे कधीपासून आहे?’’

‘‘हल्लीच,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘माझ्या तर ध्यानातही आलं नव्हतं. सुनेनं ओळखलं. तिचं कामच ते आहे, डोळे बघायचं. फार हुशार आहे.’’

‘‘लक्ष असतं हं तुमचं,’’ डॉक्टर सुनेला म्हणाले. नवरा कौतुकानं तिच्याकडे बघत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘नेमकी सुरुवात कळली तर बरं होईल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आजार किती वेगानं पुढं जातोय ते बघून औषध ठरवता येतं. वर्षभरापूर्वीचा एखादा व्हिडिओ आहे का?’’

‘‘छे हो, आई कॅमेऱ्यासमोर कुठं येते,’’ नवरा म्हणाला.

आता गप्प बसलं की झालं. कुणालाच कधी काही कळलं नसतं. पण औषध चुकलं तर? तिनं पर्समधून फोन काढला. ‘‘माझ्याकडे आहे एक,’’ ती म्हणाली आणि आवाज बंद करून तो डॉक्टरांपुढं धरला.

‘‘आवाज वाढवा. बोलणंही ऐकायला हवं मला.’’

तिनं आवाज वाढवला. त्या छोट्याशा खोलीत तिचाच आवाज घुमला, हसण्यानं फुटलेला. ‘‘आई, लववा ना पापणी! अहो, एवढंही जमत नाही? यंत्र तुम्हाला मेलेलं समजेल!’’ मग पुन्हा हसणं. आणि त्या हसण्याखाली सासूबाईंचं बारीक, एकसुरी, ‘‘लववतेय गं. लववतेय.’’

डॉक्टरांनी खाली मान घालून काहीतरी लिहायला घेतलं. नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. सुनेला कुणाकडे बघावं कळेना, शेवटी तिनं सासूबाईंकडे बघितलं. त्या रागावल्यात, दुखावल्यात, की त्यांनी माफ केलंय, ते त्या चेहऱ्यावरून समजायला काही मार्गच नव्हता.

‘‘मला वाटायचं, मुद्दाम करताय तुम्ही,’’ ती कशीबशी म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

‘‘अगं, मी तर हसतही होते तेव्हा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझ्याबरोबर.’’