चौसष्ट टक्क्यांवर थांबलेला मी

मित्रांनो, पत्त्यांच्या कॅटाएवढा, हिरव्या अंगाचा, बिनपडद्याचा संगणक मी. आता माझ्यात तांबडा दिवा तेवढा लागतो, हिरवा लागत नाही. जाणकार लोक याला ‘मेला’ म्हणतात.

पण माझेही दिवस होते बरं! नववीतल्या सृष्टीने मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आणलं. प्रदर्शन संपलं, बक्षीस काही मिळालं नाही, पण तिने मला कपाटात टाकलं नाही. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसवून नळाशेजारच्या भिंतीवर टांगलं.

सृष्टीचं घर छत्रपती संभाजीनगरच्या अगदी कडेला. कालपर्यंत तिथं ज्वारी होती, आज प्लॉट. माणसं देवगाव रंगारीहून, कन्नडहून येऊन घरं बांधत होती. घरं वाढली, पाणी वाढलं नाही. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. नळ आठवड्यातून एकदा येई, तोही कधी येईल याचा नेम नाही. आला तेव्हा मोटर लावली नाही, तर पुढचा आठवडा टँकरमागे पळा.

सृष्टीची आई शालू वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. नळापायी तिचे खाडे झाले होते. सुपरवायझरने बजावलं होतं, आता एक जरी खाडा झाला तरी येऊ नका. म्हणून मी. नळातली छोटी चकरी फिरली की मी मोटर लावायचो, टाकी भरली की बंद करायचो. शालू खुशाल कामावर. शेजारच्या कडूबाई तर मला ‘शालूचा गडी’ म्हणायच्या. मला काय आनंद व्हायचा, सांगू!

एकच खोड होती. नळाला पाण्याआधी हवा येते ना, फुसफुस करत? तिनेही चकरी फिरायची आणि मी फसायचो. कोरडी मोटर तापायची. दोनदा वास सुटला. मला बनवणाऱ्यांनी ही खोट काढलेलं नवं फर्मवेअर आणलं होतं. फर्मवेअर म्हणजे आमची मुळातली शिकवण. जुनी पुसून नवी लिहितात. मधल्या वेळात आमच्या पोटात ना धड जुनं, ना धड नवं. तेव्हा वीज तुटली की संपलं.

सृष्टीने सूचना दोनदा वाचल्या. रविवार निवडला. लाईट जाऊन परत येईपर्यंत थांबली, कारण एकदा येऊन गेलेली लाईट लगेच पुन्हा जात नाही, हा तिचा अनुभव. आठवड्याच्या हिशेबाने नळाला अजून दोन दिवस होते. एरवी मोटरची वायर माझ्या डब्यातूनच जाई; ती सोडवून, खोलीतल्या एकुलत्या एका धड सॉकेटात तिने फक्त माझी पिन लावली. आकडे सरकू लागले. साठ झाले, तशी तिला राहवेना. मैत्रिणीला, श्रेयाला, फोन लावून सगळं रंगवून सांगत ती गच्चीवर गेली. शालू बाजारात होती. दार सताड उघडं.

आणि नळ आला. दोन दिवस आधी!

आमच्या गल्लीत नळ आला की आधी मोटरची पिन, मग बाकी जग. टीव्ही असो, फ्रिज असो, उपटायचं. कडूबाई धावत आत आल्या, मला उपटलं, मोटर लावली. मी चौसष्टवर होतो.

सृष्टी खाली आली तेव्हा टाकी भरत होती. कडूबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, “कुठं व्हतीस गं? ते वायरचं लटांबर काढलं अन् लावली मोटर. नायतर गेलं असतं पाणी.”

सृष्टीने मला हातात घेतलं. तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मला जिथून आणलं त्या दुकानदारानेही उलटसुलट पाहून मान हलवली, “इसका काम हो गया. नवीनच मागवा, महिना लागेल.”

नळ महिनाभर थांबणार नव्हता. दहाव्या दिवशी, बुधवारी, शालू नळाजवळ बसून राहिली. पाणी दुपारी आलं. गुरुवारी ती कामावर गेली आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आली.

सृष्टी कडूबाईंकडे निघाली होती, जाब विचारायला. शालूने तिला दारातच अडवलं. “तिनं आपलंच पाणी भरलं. तिला काय ठावं, तू काय करत व्हतीस? सांगितलं व्हतं का कुणाला?”

सृष्टी दारातूनच मागे फिरली. सांगितलं होतं तिने. श्रेयाला. कडूबाईंना यातलं काय कळतंय, असं तिला वाटलं होतं.

कडूबाई अजून गल्लीत सांगतात, “त्या रविवारी मीच शालूचं पाणी वाचवलं.” सृष्टी मान खाली घालून ऐकते.

मित्रांनो, आम्हाला सुधारा, नवं शिकवा. पण हात घालण्याआधी घरात सांगा, शेजारी सांगा, ज्यांना कळणार नाही असं वाटतं त्यांना तर आधी सांगा. मला फक्त पाच मिनिटं हवी होती. ती मागायला मला तोंड नव्हतं. सृष्टीला होतं.