वरचा वाटा

मथुराबाईने चारोळीचं रोप दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. ते मुळासकट हातात आलं, जळक्या काडीसारखं. हे सातवं. मोठी झाडं अजून उभी होती, पण त्यांच्या मागून येणारं एकही नव्हतं.

घाटंजीकडच्या त्या टेकडीवर चारोळीची झाडं बायकांची. सासूने सुनेला द्यायची, आईने लेकीला. खालचा उतार मथुराबाईचा, दगडांच्या ओळीच्या वरचा रामीबाईचा. संगीताच्या लग्नात मथुराबाईने सगळ्यांदेखत बोट दाखवून आपला उतार लेकीला दिला होता. आज संगीता तो बघायला आली होती आणि खाली पळसाच्या सावलीत टोपली घेऊन बसली होती.

मागच्या साली पुसदच्या कॉलेजातली दीपा रोपं मोजून गेली.

"आजी, ऊन वाढलं. पाखरं बी सगळीकडे टाकतात, पण वर पडलं तेवढंच जगते. झाड टेकडी चढून राह्यलं."

"झाडाले का पाय असतात व?" मथुराबाई तेव्हा हसली होती.

आता ती दगडांची ओळ ओलांडून चढली. रामीबाई फळं तोडत होती.

"वाट चुकली का व मथुरा?"

"मांगाले आली. थोडी रोपं दे संगीताले. माह्याकडं एकबी जगत नाई."

"अन् तीस वर्षं माह्या बकऱ्यायले दगडं मारले, ते?"

"मारले. चुकलं माह्यं."

रामीबाईने पदराला हात पुसले. "चाल," म्हणाली आणि वर निघाली.

चढताना वाटेत रोपं दिसू लागली. आधी पिवळट, मग आणखी वर गुडघाभर, हिरवीगार. मथुराबाईचा चेहरा खुलला, आणि तेवढ्यात टेकडी संपली. पुढे नुसता काळा खडक. त्याच्या भेगेत दोन रोपं वाळून उभी होती.

"मी नवरी होऊन आली, तवा अशी रोपं तुह्या वाट्यात होती," रामीबाई म्हणाली. "मंग माह्यात आली. आता इथं. घे, अर्धी घे. सारीच घे. इथून पुढं कुठं जातीन, तेवढं सांग."

मथुराबाईने समोर पाहिलं. दुसरी टेकडी होती, पण मधे कोसभर नांगरलेली शेतं.

खालून संगीताने हाक दिली, "आई व, दिलं का मावशीनं?"

दोघी एकमेकींकडे बघेनात.

"दिलं!" मथुराबाई ओरडली, आणि तापल्या खडकावर तशीच बसून राहिली.