ओर्फाची गिटार आणि ठेंगण्या दाराचं गाणं

मी एक जुनी गिटार आहे. केंटकीच्या डोंगरात, घरामागच्या अक्रोडाच्या लाकडातून मला ओर्फाच्या वडिलांनी घडवलं. मित्रांनो, ओर्फा गाणी रचायची. शनिवारी गुत्त्यात, रविवारी चर्चमध्ये, दोन्हीकडे मीच तिच्या मांडीवर असायची.

तिची आई गेली, तेव्हा दफनाआधी चर्चमध्ये तिला आईसाठी गायचं होतं. पण आमचं शनिवारचं वाजवणं कानावर गेलं होतं, म्हणून चर्चचे कारभारी थर्ल दारात आडवे उभे राहिले.

"दारूच्या वासात वाजलेलं लाकूड देवाच्या घरात नको," ते म्हणाले, आणि त्यांनी मला हिसकावून पायऱ्यांवरून खाली भिरकावलं. माझं पोट चिरलं. आईला गाण्याविनाच माती मिळाली.

वडिलांनी मला सरसानं सांधलं. ओर्फा एवढंच बोलली, "चारचौघांत मान खाली घालायला लावीन म्हाताऱ्याला."

हिवाळाभर आम्ही दोघींनी ते गाणं धार लावावी तसं घासलं. 'कृपेचं दार ठेंगणं, देवा. मान त्याची वाकव.' नावाला भजन, पण शब्दाशब्दात थर्ल होते.

मे महिन्यात सारा गाव कबरींवर फुलं वाहायला जमला. मक्याची भाकर, तळलेली कोंबडी, टेबलं भरलेली. आईच्या कबरीशी उभी राहून, थर्लकडे रोखून पाहत ओर्फा गायली. एकेक मान त्यांच्याकडे वळली. ताट तसंच ठेवून ते निघून गेले. खरं सांगते, इतकी गोड मी कधीच वाजले नव्हते.

गाणं खोरंभर पसरलं. थर्ल दिसले की लोक मुद्दाम गुणगुणायचे. त्यांनी चर्चला येणंच सोडलं. ऐकून आम्हाला बरं वाटायचं.

मग एके दुपारी त्यांची बायको मेल्बा दारात आली. कोळशाच्या खाणीनं थर्लची फुप्फुसं खाल्ली होती.

"तुझं गाणं मागतायत, पोरी."

"कुठल्या तोंडानं?"

"त्याच तोंडानं. म्हणाले, एक शब्द मवाळ करू नको म्हणावं."

ओर्फानं मला उचललं. सूड पुरा होणार म्हणून मी तर आतून थरथरत होते.

थर्ल ओसरीवर बसले होते, नाकात नळी. ओर्फानं सुरुवात केली, तशी त्यांनी आपण होऊन मान खाली घातली. पांढरी, काटकुळी मान. त्या ओळीशी येऊन ओर्फा अडखळली. मग हळूच गायली, 'मान माझी वाकव.'

मला ते मुळीच आवडलं नाही. चिरेपाशी मी खरखरले.

थर्लनी हात पुढे करून माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. "हे मी केलं."

"हो," ओर्फा म्हणाली. "तुम्हीच."

तिनं त्यांना पुन्हा पहिल्यापासून गाऊन दाखवलं.

ती आता 'माझी' असंच गाते. तिचा राग तिथंच, त्या ओसरीवर उतरला. माझा नाही. मित्रांनो, माणसं क्षमा मागतात, क्षमा करतात आणि मोकळी होतात. म्हणून एवढं ऐका: तुमचा राग आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवर काढू नका. लाकडाची चीर सांधते, पण बुजत नाही.