नदी उजव्या हाताला

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास नर्मदा वेणूताईंच्या साताऱ्यातल्या घरात आली. देवघरातल्या ताम्हनाखाली ती उगम पावली, करंगळीएवढी. बैठकीच्या खोलीतून सरळ पश्चिमेला निघाली आणि गॅलरीत पोचेपर्यंत खारट झाली. स्वयंपाकघर उत्तर तटावर गेलं. वेणूताई दक्षिण तटावर राहिल्या, नदी उजव्या हाताला ठेवून. नेमच तसा. परिक्रमा उचलली की नदी ओलांडायची नाही. त्यांची परिक्रमा पुरी होऊन बावीस वर्षं झाली होती, पण पुरी झाली असं नदी कधी म्हणाली नव्हती.

शोकेसपाशी संगमरवरी कडे उभे राहिले आणि पाणी त्यांच्यामधून अंग चोरून गेलं. खुर्चीशी महेश्वरचे घाट लागले. दुपारी सोफ्यासमोर धरण झालं नि मागची गावं बुडाली. वाकून पाहिलं की देवळाचा कळस दिसे, चिंचेचा शेंडा दिसे. त्यातल्या एका गावात एका म्हातारीने त्यांना ताक दिलं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात द्वारकावहिनी बसल्या होत्या, वेणूताईंच्या थोरल्या जाऊबाई. परिक्रमेत बरोबर होत्या; तिथेच वारल्या. पाय तसाच होता, गुडघ्यापर्यंत सुजलेला.

"वेणू, गोळ्या आणल्यास?"

"आणल्यात, वहिनी."

गोळ्या मुठीत होत्या. तेव्हा दवाखाना पलीकडच्या तटावर होता. नावाडी तीन दिवस हाका मारत होता, आणि नेम मोडेल म्हणून वेणूताई नावेत बसल्या नव्हत्या.

"मग दे की. टीचभर तर पाणी आहे."

चारला भजनी मंडळाच्या बायका आल्या. "नर्मदे हर!" म्हणत वेणूताईंच्या पाया पडल्या. त्यांना नेम नव्हता, म्हणून त्या नदीवरून उड्या मारत चहा घेऊन आल्या.

"शैलाताई, एवढ्या गोळ्या वहिनींना द्या हो."

शैलाताईंनी नेऊन दिल्या. गोळ्या पुन्हा वेणूताईंच्या मुठीत आल्या.

"तुमच्याच हातच्या हव्यात त्यांना. आमच्या सासूबाईंचंही असंच, चहा लागतो तो थोरलीच्याच हातचा!"

बायका हसल्या. वेणूताईंनी मग कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. "औषध पलीकडे होतं. मी गेले नाही. वहिनी माझ्यामुळे गेल्या."

एकीने डोळ्यांना पदर लावला. "केवढी ही निष्ठा! नाहीतर आम्ही. एक चतुर्थी धड होत नाही."

वेणूताईंच्या कानशिलांना आग लागली. "निष्ठा कसली? गावात मिरवायचं होतं मला."

"आणि वर हा विनय!" शैलाताई म्हणाल्या.

भिंती जवळ आल्या. तट पाटाएवढे उरले. बायकांचे गुडघे एकमेकींना लागले, पण कुणी उठलं नाही.

"वेणू, ये गं," द्वारकावहिनी म्हणाल्या.

वेणूताईंनी पाऊल उचललं.

"ताई, ओलांडू नका! पुण्य जाईल सगळं!"

"जाऊ दे."

पण पाऊल पुढे आलेलं पाहताच बायका सवयीने त्यावर वाकल्या. सहा जणींचे हात पावलावर पडले, कपाळं टेकली. पाऊल नदीवर तसंच अधांतरी राहिलं. वेणूताईंनी वाकून मूठ पलीकडे धरली आणि उघडली.

द्वारकावहिनींनी गोळ्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी सुजलेला पाय दोन्ही हातांनी बाजूला सारला, डोक्यावरून पदर घेतला, आणि वयाने नऊ वर्षांनी थोरल्या असून वेणूताईंना नमस्कार करायला वाकल्या.